‘फायदे-तोटे’ लिहिण्याआधी बोंडगाव आठवा



मागच्या आठवड्यात आपल्याच भागातल्या एका ज्युनिअरने मला त्याचा सिनॉप्सिस पाठवला. ‘पेट’ पास झालाय, गाईड मिळालेत, आता समितीसमोर बसायचंय. सोबत मेसेज होता, ‘दादा, फक्त भाषा तपासून दे.’ शीर्षक होतं : ‘आरोग्यसेवेत माहिती तंत्रज्ञानाच्या वापराचे फायदे व तोटे : बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात’.

भाषेत काहीच चूक नव्हती. अडचण दुसरीच होती. त्याला विचारूनच, नाव न घेता, त्या सिनॉप्सिसबद्दल इथे लिहितोय, कारण असेच सिनॉप्सिस आपण सगळे लिहितो. मीही लिहिलाय.

आत आठ फायदे होते : वेळ वाचतो, कागद वाचतो, अचूकता वाढते, दुर्गम भागात तज्ज्ञ मिळतो वगैरे. मग सहा तोटे : खर्च, विजेची अडचण, नेटवर्क, प्रशिक्षणाचा अभाव, गोपनीयता, संवाद कमी होणे. शेवटी निष्कर्ष : ‘तंत्रज्ञानाचा योग्य वापर केल्यास ते वरदान ठरेल.’ आता एक प्रयोग करून बघा. यातलं ‘बुलढाणा’ काढा आणि ‘सातारा’ टाका. एक वाक्य तरी बदलावं लागतं का? नाही लागत. म्हणजे ‘विशेष संदर्भ’ फक्त शीर्षकात आहे. आणि निष्कर्ष सर्वेक्षणाच्या आधीच लिहून झालाय. योग्य वापर केला तर विळाही वरदानच ठरतो, त्यासाठी पीएच.डी. कशाला?

‘तंत्रज्ञान’ म्हणजे नेमकं काय?

पहिला आक्षेप असा, की ‘माहिती तंत्रज्ञान’ ही एक गोष्ट नाहीच. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर लागणारा कॉल, टीबीच्या रुग्णाची निक्षयवरची नोंद, आभा कार्डाचा चौदा अंकी क्रमांक, साथरोगांची आयएचआयपी आणि खाजगी दवाखान्यातलं बिलाचं सॉफ्टवेअर, हे सगळं एकाच पोत्यात भरून ‘फायदा झाला का?’ असं विचारलं, तर उत्तर कशाचं द्यायचं?

एक जुनं पण शिकण्यासारखं उदाहरण देतो. डॉक्टरने औषधाची ऑर्डर कागदावर न लिहिता थेट संगणकात टाकायची, ही पद्धत अमेरिकेत पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात सुरू झाली. २००५ साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या जर्नलमध्ये त्याचा अभ्यास आला. बाहेरून तातडीने आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी २.८० टक्के होतं, नंतर ६.५७ टक्के झालं. वाढलं! पुढच्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये सिॲटलच्या बालरुग्णालयाचा अभ्यास आला. तीच पद्धत, पण मृत्यू वाढले नाहीत.

फरक कुठे होता? पिट्सबर्गमध्ये मूल दारात येऊन त्याची नोंद होईपर्यंत ऑर्डर टाकता येत नव्हती. आधी ॲम्ब्युलन्स वाटेत असतानाच औषधाची तयारी सुरू व्हायची. शिवाय नर्स आणि डॉक्टर खाटेजवळून संगणकाजवळ गेले. सिॲटलने नेहमी लागणाऱ्या ऑर्डरचे संच आधीच तयार करून ठेवले होते. म्हणजे परिणाम ‘संगणकाचा’ नव्हताच, त्याच्याभोवती काम कसं मांडलं त्याचा होता. फायदा-तोट्याचा तक्ता हीच गोष्ट लपवतो. तो यंत्राला गुण देतो, कामाच्या मांडणीकडे बघतच नाही.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ

‘विशेष संदर्भ’ खरंच हवा असेल तर तो शेगाव तालुक्यात आहे. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावं एकदम देशभर गेली. आधी डोक्याला खाज, मग केस हातात यायचे, आणि आठवडाभरात टक्कल. बाया, पुरुष, कॉलेजच्या पोरी, लहान मुलं, कुणी सुटलं नाही. पुढे नोंदल्या गेलेल्या आकड्यांनुसार १८ गावांत २७९ लोक.

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो जाणं साहजिकच होतं. हा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे किडनीच्या आजाराशी खाऱ्या पाण्याचं नाव वर्षानुवर्षं जोडलं जातं. तपासणीत पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. मग बुरशीची शंका आली. त्वचारोगतज्ज्ञ आले, आयसीएमआरची पथकं आली, रक्त, लघवी, केस, पाणी, धान्य, सगळ्यांचे नमुने गेले.

दरम्यान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावात येऊन गेले. हे तेच, विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे. मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले देहेडचे. त्यांनी रेशनच्या गव्हाचे नमुने ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. न धुतलेल्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, धुतलेल्यात १३.६१. गव्हात साधारणपणे १.९ च्या वर ते नसावं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही सेलेनियम कित्येक पट जास्त, आणि झिंक कमी. फेब्रुवारीत त्यांनी हे जाहीर केलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडचा असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे आधीपासून माहीत आहे. सरकारी भूमिका आयसीएमआरच्या अहवालाची वाट पाहण्याची राहिली.

धुतलेल्या आणि न धुतलेल्या गव्हाचा तो जोड आकडा नीट बघा. धुऊनही सेलेनियम फारसं कमी झालं नाही, म्हणजे ते वरच्या धुळीत नव्हतं, दाण्यात होतं. एवढी साधी तुलना, पण एक अख्खी शक्यता बाजूला काढते. संशोधनाची रचना म्हणजे हेच. तिला सॉफ्टवेअर लागत नाही.

फॉर्ममध्ये ‘टक्कल’ कुठे आहे?

या काळात आपल्याकडे साथरोग पकडणारी डिजिटल यंत्रणा होती. रोग सर्वेक्षणाचा आयडीएसपी हा कार्यक्रम २००४ पासून आहे. तेव्हा आठवड्याला कागद भरून पाठवायचे. ५ एप्रिल २०२१ ला त्याच्या जागी आयएचआयपी हे पोर्टल देशभर सुरू झालं. आधी १८ आजार होते, आता ३३. रोजच्या रोज नोंद, नकाशावर ठिपका. उपकेंद्राची सिस्टर लक्षणांचा ‘एस’ फॉर्म भरते, डॉक्टर संशयित निदानाचा ‘पी’, प्रयोगशाळा ‘एल’. ताप, जुलाब, खोकला, कावीळ यांची साथ आली तर हा बदल मोठाच आहे. आठवड्याचं काम दिवसावर आलं. पावसाळ्यात जुलाबाच्या साथीत सहा दिवस आधी कळणं म्हणजे काय, हे विहिरीवर पाणी भरणाऱ्याला विचारा. हा फायदा मी कुठेही कमी लेखत नाही.

पण केस गळणं त्या ठरलेल्या यादीत नाही. तिथे ते ‘असामान्य घटना’ म्हणून वेगळं कळवावं लागतं. तशी सोयही पोर्टलवर आहे. फक्त ती सोय वापरायला आधी कुणाला तरी ‘हे असामान्य आहे’ असं वाटावं लागतं. एका बाईचे केस गेले तर आपण म्हणतो, शाम्पू बदलला असेल. दुसरीचे गेले तर अशक्तपणा. तीन घरांतल्या तीन गोष्टी एकत्र बघणारं एक डोकं लागतं, आणि ते डोकं गावात फिरणारं असावं लागतं.

इथे माझा मुख्य मुद्दा आहे. आयएचआयपीचा फायदा कुठून येतो? ठरलेल्या रकान्यांतून. सगळीकडे तेच रकाने म्हणून बेरीज करता येते, तुलना होते, नकाशा होतो. आणि तोटा कुठून येतो? त्याच ठरलेल्या रकान्यांतून. रकान्यात नसलेला आजार यंत्रणेला आपोआप दिसत नाही. सिनॉप्सिसमध्ये हे दोन्ही वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या क्रमांकांनी येतात, जणू एक घेऊन दुसरा टाळता येईल. तो टाळता येत नाही. त्याची किंमत किती आणि ती कोण भरतं, एवढंच मोजता येतं. अभ्यासाचा प्रश्न तिथे सुरू होतो.

माझी चूक

हे शहाणपण मला उशिरा आलं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी एका तालुक्याच्या जुलाबाच्या साप्ताहिक नोंदी घेतल्या होत्या. एका उपकेंद्राखालच्या गावांत भर पावसाळ्यात सलग पाच आठवडे शून्य. मी शून्य हे शून्य म्हणूनच घेतलं, आलेख काढला आणि तो भाग ‘कमी जोखमीचा’ म्हणून हिरवा रंगवला. व्हायव्हात कौतुकही झालं.

नंतर एका लग्नात त्या भागातली एक आशाताई भेटली. सहज विषय निघाला. ती म्हणाली, ‘त्या वर्षी तं सिस्टर बाळंतपणाच्या सुट्टीवर होत्या, दुसरी आलीच नाही. जुलाबं तं लय होते.’ माझ्या हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच होता की नोंद करायला माणूस नव्हता. जिथे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं होतं, तोच भाग मी सुरक्षित ठरवला होता.

तेव्हापासून नियम केलाय. कुठल्याही सरकारी डेटात शून्य दिसलं की आधी विचारायचं, हा ‘आजार नाही’चा शून्य की ‘नोंद नाही’चा? दोन्ही एक्सेलमध्ये सारखेच दिसतात. हे सांगणारा रकाना नसेल तर गाडी काढून त्या गावाला जायचं.

गुगललाही हे जमलं नव्हतं

काही जण म्हणतील, मग ठरलेले रकानेच नकोत, लोक मोबाइलवर काय शोधतात त्यावरून साथ ओळखा. हे करून झालंय. २००८ मध्ये ‘गुगल फ्लू ट्रेंड्स’ सुरू झालं, २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये पेपर आला, सगळे भारावले. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचे अंदाज प्रत्यक्ष आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाले. २०१५ मध्ये ते बंद झालं. बातम्या वाढल्या की लोक जास्त शोधतात, आणि गुगलचं स्वतःचं सर्चही बदलत राहतं. शोधणारा माणूस आणि आजारी माणूस एकच नसतो.

शेगावला हे लावून बघा. बातम्या आल्यावर ‘केस गळणे’ शोधणारे बहुतेक लोक पुण्या-मुंबईतले असणार. बोंडगावच्या आजीने काहीच शोधलं नसेल.

मोबाइलचा उपयोग झाला तो वेगळ्या प्रकारे. फोटो आणि व्हिडिओ फिरले, बातम्या वाढल्या आणि या गावांकडे देशाचं लक्ष गेलं. पण त्याच व्हिडिओंत लोकांचे उघडे चेहरे होते. कारण माहीत नसताना ‘टक्कल व्हायरस’ हे नाव पडलं. व्हायरस म्हटल्यावर लागण आली, आणि लागण म्हटल्यावर सोयरीक थांबली. लग्नं मोडल्याच्या, पोरींनी कॉलेज सोडल्याच्या बातम्या आल्या. बऱ्याच जणांचे केस पुढे परत उगवू लागले, पण चेहरे अजून यूट्यूबवर आहेत. ‘गोपनीयतेचा प्रश्न’ हा तोटा क्रमांक पाच म्हणून एका ओळीत लिहिताना मला त्या पोरी आठवतात.

एकाच गावातली दोन यंत्रं

आता या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गहू कारणीभूत आहे का, हे तपासायला काय हवं होतं? कुणी कोणत्या महिन्यात रेशनचा किती गहू उचलला, आणि कुणाचे केस गेले. आजारी आणि निरोगी कुटुंबांची तुलना. याला केस-कंट्रोल स्टडी म्हणतात, तुमच्या कोर्सवर्कमध्ये असेल.

यातली पहिली माहिती डिजिटल स्वरूपात आधीच आहे! रेशन दुकानातल्या ई-पॉस मशिनवर अंगठा लावला की कुटुंब, तारीख आणि किलो, तिन्ही नोंदले जातात. दुसरी माहिती आरोग्य विभागाकडे. एकाच गावात, कधी एकाच गल्लीत, ही दोन यंत्रं आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. सिनॉप्सिसमध्ये या ई-पॉसचा उल्लेखही नाही, कारण ते ‘आरोग्याचं’ तंत्रज्ञान नाही ना!

मग जोडून टाकायची का? थांबा. साथीच्या वेळी ही जोडणी दोन दिवसांत मोठा पुरावा देईल. पण कायमची जोडली, तर कुणाला टीबी आहे आणि कोण किती धान्य उचलतं हे एका स्क्रीनवर येईल. उद्या त्यावरून कुणाचं रेशन बंद होणार नाही कशावरून? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण गावपातळीवर ही माहिती कोण, कधी, किती दिवस पाहू शकेल, हे काळजीपूर्वक ठरवायला हवं. पुन्हा तेच. जोडता येणं हाच फायदा आणि जोडता येणं हाच धोका. साथीपुरती, नावं झाकून आणि मुदत ठरवून जोडणी कशी करता येईल, यावर आख्खी पीएच.डी. होईल.

भरतं कोण?

शेवटचा आक्षेप. सिनॉप्सिसमधली प्रश्नावली १०० डॉक्टर आणि १०० रुग्णांसाठी होती. डेटा भरणारा माणूसच त्यात नव्हता.

माझ्या काकू आशा आहेत. त्यांचा दिवस मी पाहिलाय. वहीत लिहायचं, मग तेच मोबाइलमध्ये, मग फोटो ग्रुपवर. ‘कागद वाचतो’ हा फायदा क्रमांक दोन मी काकूंना वाचून दाखवला तर त्या खूप हसल्या. म्हणाल्या, ‘वही बंद करा म्हणावं आधी. बाईले पाहू का मोबाइल भरू?’ ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा ऑनलाइन कामांना विरोध हा त्यांच्या मागण्यांतला एक मुद्दा होता. यात तंत्रज्ञानाची भीती शोधू नका, त्या रोज व्हॉट्सॲप वापरतात. प्रश्न वाढलेल्या कामाचा आणि त्याच्या मोबदल्याचा आहे.

ई-संजीवनीचंही तसंच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर देशभर ३० कोटींच्या वर सल्ले झालेत. जळगाव जामोदच्या सातपुड्यात, भिंगारा-चाळीसटापरीकडच्या माणसाला तज्ज्ञासाठी डोंगर उतरावा लागू नये, ही कल्पना उत्तमच. पण ३० कोटी ही कॉलची संख्या आहे, बऱ्या झालेल्या माणसांची नाही. एका उपकेंद्रावरच्या अधिकाऱ्याने मला सांगितलं, ‘रोजचा आकडा पूर्ण करायचा असतो, मग सर्दीचेही कॉल लावतो.’ कॉल मोजायला लागलो की कॉल वाढतात. पुढचा प्रश्न, लिहून दिलेली गोळी त्या उपकेंद्रात होती का, हा तुम्ही विचारायचा.

मग काय लिहायचं?

त्या पोराला मी भाषा तपासून दिली नाही. फोन केला, तासभर बोललो. आधी चिडला, साहजिक आहे. पण आता त्याचा प्रश्न असा झालाय : ‘शेगाव व संग्रामपूर तालुक्यांतील उपकेंद्रांत एखादी असामान्य आरोग्यघटना गावात प्रथम लक्षात आल्यापासून तिची आयएचआयपीवर नोंद होईपर्यंत किती दिवस जातात, आणि ते कोणत्या टप्प्यावर जातात?’

यात ‘बुलढाणा’ काढून ‘सातारा’ टाकता येत नाही. ‘दिवस’ मोजता येतात. आशा, सिस्टर, डॉक्टर, तिघांनाही भेटावंच लागतं. आणि उत्तर आधी माहीत नाही. कदाचित निघेल की पोर्टल झकास चालतं आणि वेळ त्याआधीच, ‘शाम्पू बदलला असेल’ म्हणण्यात जातो. कदाचित उलटं निघेल. दोन्ही निघालं तरी कुणाच्या तरी कामाचं असेल.

तुमचाही सिनॉप्सिस ‘फायदे व तोटे’वर असेल तर समितीसमोर जाण्याआधी चार गोष्टी तपासा. तंत्रज्ञान नेमकं कोणतं? फायदा कुणाला आणि त्याच गोष्टीची किंमत कोण भरतं? डेटात शून्य असेल तर तो कुठला शून्य? आणि जिल्ह्याचं नाव बदललं तर काय बदलतं?

तो पोरगा पुढच्या सोमवारी शेगावला जातोय, पहिल्या भेटीसाठी. त्याला एकच सांगितलंय : पहिल्या दिवशी प्रश्नावली काढू नको. आशाताईंसोबत नुसता फिर, आणि त्या मोबाइल कधी काढतात आणि कधी खिशातच ठेवतात, ते लिहून आण.